चंची, पाइप आणि हळदीची चिमूट

बेळगावच्या टिळकवाडीतले आमचे शेजारी कर्नलसाहेब मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले, त्याला आता बरीच वर्षं झाली. पाइप मात्र निवृत्त झालेला नाही. गेल्या रविवारी परदेशातल्या मुलीने पाठवलेले पाइपच्या तंबाखूचे तीन डबे मांडून ते कट्ट्यावर बसले होते. माझे निपाणीकडचे मामा माझ्याबरोबर होते. साहेब एकेक झाकण उघडून आमच्या नाकाखाली धरत होते. पहिल्या डब्याचा वास सुक्या गवताचा नि मनुकांचा, दुसऱ्याचा व्हॅनिलाचा. तिसऱ्याला जळक्या लाकडाचा इतका उग्र वास, की मामा म्हणाले, "ही तर चुलीपाशी टांगलेली घोंगडी."

"मामा, हा चोखंदळ माणसाचा शौक आहे," साहेब म्हणाले. "तुमचं ते तंबाखू-चुना म्हणजे नुसती तलफ."

मामांनी चंची सोडली, तळव्यावर चिमूट घेतली, नखाने चुना लावला आणि मळता मळता म्हणाले, "तलफ एकच की ओ साहेब. तुमची डब्यातली, माझी तळव्यावरची."

मामांचं बरोबर होतं. का बरोबर होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही.

आधी डब्यांचं. तिन्ही डब्यांत झाड एकच, निकोटियाना टॅबॅकम. वाण वेगळे, माती वेगळी. पण चवीचा मोठा भाग ठरतो तो पान खुडल्यानंतर. पहिला डबा व्हर्जिनियाचा. असाच तंबाखू आपल्या कर्नाटकात हुणसूर, पिरियापट्टण भागात होतो. तिथे पानं भट्टीत टांगतात आणि सुरुवातीला ३५ ते ४० अंशांची दमट ऊब देतात. पान खुडलेलं असलं तरी अजून जिवंत असतं. त्यातले एन्झाइम पिठाची साखर करतात, हिरवा रंग मोडतो, खालचा पिवळा दिसू लागतो. मग उष्णता वाढवून पान मारतात, आणि साखर आत अडकते. चांगल्या व्हर्जिनियात वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास साखर असू शकते. व्हॅनिलाच्या डब्यात बर्ली. तिचं पान सावलीत, वाऱ्यावर कित्येक आठवडे वाळतं. तेवढ्या वेळात ते श्वास घेत घेत आपली साखर स्वतःच खाऊन टाकतं. राहतं ते कोरडं, टीपकागदासारखं पान. म्हणूनच वरून दिलेला व्हॅनिलाचा किंवा गुळचट पाक ते पिऊन घेतं. तिसरा लाताकिया. सिरियातल्या बंदराचं नाव, पण आज येतो मुख्यतः सायप्रसहून. पानं लाकडाच्या धुरावर दिवसचे दिवस धुरावतात. न खपलेली पानं आढ्याला टांगून राहिली आणि धुराने चविष्ट झाली, अशी त्याची जन्मकथा शौकीन लोक रंगवून सांगतात; ती कथा म्हणूनच ऐकावी.

निपाणीचं पान या तिन्हींत बसत नाही. ते काळ्या जमिनीतलं, उन्हात वाळवलेलं विडीचं पान. याच पानाच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीच्या महामार्गावर बसले होते. मामा त्यात होते. पण तो विषय निघाला की दुपार जाते.

शेतातली एक गोष्ट सांगायलाच हवी. निकोटिन पानात तयार होत नाही, मुळात तयार होतं आणि पाण्याबरोबर वर चढतं. हे कलमांनी दाखवून दिलं: टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचा शेंडा बांधला तर पानात निकोटिन जवळजवळ नसतं, तंबाखूच्या मुळावर टोमॅटो बांधला तर टोमॅटोच्या पानात ते सापडतं. मामा शेंडा खुडतात तेव्हा झाडाला वाटतं, कुणी खाल्लं. झाड मुळाला निरोप पाठवतं आणि मूळ जास्त विष वर धाडतं. कडक पानासाठी शेंडा खुडायचा, हे शेतकऱ्याला १८२८ सालाआधीपासून ठाऊक होतं. त्या साली हायडेलबर्गला पोसेल्ट आणि रायमान यांनी निकोटिन पहिल्यांदा वेगळं काढलं.

आता चुना. सामू (म्हणजे पीएच) हा शब्द माती तपासून घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतो. ७ म्हणजे मध्य, खाली आम्ल, वर आम्लारी. निकोटिनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आहेत. त्यांतला एक आम्लाकडून प्रोटॉन उचलतो, आणि रेणूवर विद्युतभार येतो. असा भारित रेणू पाण्यात खुशाल राहतो. पण गालाच्या आतल्या पेशींचं आवरण स्निग्ध असतं, त्यातून तो सहजी जात नाही. प्रोटॉन काढून घेतला की तोच रेणू आवरणातून सरळ पार होतो. चुना हेच काम करतो.

निम्मे रेणू प्रोटॉनसह आणि निम्मे मोकळे, ही स्थिती येते सामू ८ च्या आसपास. तिथून एक पायरी खाली गेलं की मोकळ्या आणि भारित रेणूंचं गुणोत्तर दहापटीने घसरतं. सामू ७ ला साधारण ९ टक्के मोकळे, ६ ला जेमतेम १ टक्का. वर ९ ला गेलं की ९१ टक्के. (हा लॉगॅरिदमचा खेळ. दहावीच्या वर्गात इथे निम्मी पोरं खिडकीबाहेर बघू लागायची. वाचकांनीही हवं तर बघावं.) म्हणजे मामा तंबाखूत काहीही वाढवत नाहीत. निकोटिन तेवढंच. चुन्याच्या बोटाने फक्त त्याला दार उघडून दिलं. मळताना नाकात जाते ती झणझण म्हणजे मोकळं झालेलं निकोटिन आणि अमोनियाच.

हेच दार पाइपमध्येही आहे. साखर जळली की फॉर्मिक, ॲसिटिक अशी आम्लं तयार होतात. म्हणून व्हर्जिनियाचा धूर आम्लाकडे झुकतो, आणि सिगारेट ओढणाऱ्याला तो छातीत भरून घ्यावा लागतो. फुप्फुसाचं क्षेत्रफळ एवढं प्रचंड, की तिथे सगळं चालून जातं. बर्लीत साखर नाही, नायट्रोजन भरपूर. तिचा धूर आम्लारीकडे झुकतो, आणि निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं. डब्यांची आवड ठरवताना साहेब "जड" आणि "हलका" म्हणतात, त्यात सुगंधाइतकाच सामूही असतो.

"पण मी धूर गिळत नाही," हे साहेबांचं ठरलेलं वाक्य. पाइपने ओठाचा, तोंडाचा कर्करोग होतो, त्याला धूर गिळावा लागत नाही. मामांकडचं ठरलेलं वाक्य, "चुन्यातनं कॅल्शियम मिळतं." मिळतो तो गालाच्या आतला चट्टा. आणि मशेरीने दात घट्ट होतात म्हणणाऱ्या माझ्या आत्याला शेवटी कवळीच लावावी लागली.

तेवढ्यात मला हळद आठवली. सामू साडेसातच्या पुढे गेला की हळद रंग बदलू लागते आणि नवाच्या आसपास तांबडी होते. म्हणजे निकोटिन जिथे कूस बदलतं, जवळपास तिथेच. कर्नलीणबाईंकडून हळद घेतली, ओल्या टीपकागदावर चोळली आणि मामांची मळलेली चिमूट त्यावर ठेवली. कागद कुंकवासारखा लाल. ओवाळून टाकायच्या तांबड्या पाण्याचं गुपितही एवढंच. पाणी लाल झालं म्हणजे दृष्ट उतरली, असं सांगून दक्षिणा घेणारे आमच्याकडे अजून आहेत. त्यांच्या तांब्यात लिंबू पिळा, दृष्ट परत पिवळी होते.

साहेब जिद्दीला पेटले. "माझ्यावर लाव." बर्लीचा पाइप शिलगावला, मी दुसरा हळदीचा कागद धुरात धरला. दोन मिनिटांत त्यावर डांबराचा चिकट तपकिरी थर बसला आणि खालची हळद दिसेना. सामू कळला नाही. कागद मामांच्या हातात गेला. त्यांनी वास घेतला, बोटाला लागलेला चिकटा धोतराला पुसला आणि विचारलं, "हे एवढं सगळं तोंडात जातं होय, साहेब?"

साहेबांनी पाइप कठड्यावर उलटा ठोकला. आतून बाई हळदीचा डबा परत मागत होत्या.