कापूस, कोळसा, संत्रं : नागपुरात कोणतं काम कुठे बसतं

जिनिंगमध्ये एक क्विंटल कापूस टाकला की रुई निघते 33 ते 35 किलो. बाकी सगळी सरकी, आणि थोडी घट. सावनेर, काटोल, हिंगणघाट, वणी अशा गावांच्या वेशीवर जिनिंग-प्रेसिंगच्या शेड का दिसतात, याचं उत्तर या हिशेबात आहे. वेचलेला कापूस फुगलेला असतो, गाडीभर जागा खातो आणि त्याच्या वजनात दोन वाटे सरकीच असते. ती शेकडो किलोमीटर वाहून नेली तर भाडं अंगावर पडतं. म्हणून सरकी जवळच वेगळी करायची, तिचं तेल काढायचं, ढेप गुराढोरांसाठी विकायची आणि रुईच्या 170 किलोच्या गाठी आवळूनच ट्रकवर चढवायच्या.

हा हिशेब व्यापाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होता. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने 1909 साली त्याला सिद्धांताचं रूप दिलं. प्रक्रियेत कच्च्या मालाचं वजन जितकं घटतं, तितका कारखाना कच्च्या मालाकडे ओढला जातो. वजन फारसं घटत नसेल तर कारखान्याला जागा निवडायला मोकळीक मिळते. आणि वजन वाढत असेल, म्हणजे मालात पाणी पडत असेल, तर तो गिऱ्हाइकाजवळ जातो. शीतपेयं भरण्याचे कारखाने मोठ्या शहरांच्या कडेला असतात ते यामुळेच.

शाळेच्या भूगोलात प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक आणि चतुर्थक व्यवसाय आपण सगळ्यांनी पाठ केले आहेत. जमिनीतून घेणं, घेतलेल्याचं काही बनवणं, सेवा देणं, आणि ज्ञानावर चालणारं काम. ॲलन फिशर आणि कॉलिन क्लार्क यांनी पहिल्या तीन स्तरांची विभागणी 1930-40 च्या सुमारास रूढ केली, चौथा स्तर नंतर जोडला गेला. परीक्षेत व्याख्या विचारतात आणि पोरं व्याख्या लिहितात. मला मात्र या विषयातला खरा प्रश्न वाटतो तो जागेचा. प्रत्येक स्तराला जागा निवडायची मुभा वेगळी, आणि त्याला ओढणारी गोष्टही वेगळी. नागपूरकरांना हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. तासा-दीड तासाच्या गाडीच्या अंतरात चारही स्तर सापडतात.

पहिल्या स्तराला निवडीचा हक्कच नाही. मॅंगनीज मनसर-कांद्रीला आहे, म्हणून खाण तिथे. कोळसा सावनेर, सिल्लेवाडा, उमरेडच्या जमिनीखाली आहे. संत्र्याला थोडी मोकळीक वाटते, पण तीही फसवी. काटोल-नरखेडपासून अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीपर्यंत बागा पसरल्या आहेत, कारण तिथल्या बऱ्याच जमिनीत पाण्याचा निचरा होतो. पाणी साचलं की संत्र्याची मुळं कुजतात, बुंध्याला डिंक्या रोग लागतो. शिवाय बहार धरायला, म्हणजे झाड एकदम फुलावं म्हणून, त्याचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीत तो ताण लवकर बसत नाही.

वजनाचा नियम सगळ्यात उघडपणे दिसतो तो कोराडीला. कोराडी, खापरखेडा आणि मौदा ही तिन्ही औष्णिक वीज केंद्रं नागपूर जिल्ह्यात आहेत. एक युनिट विजेसाठी साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या देशी कोळशात राखच 30 ते 45 टक्के असते. मे महिन्यात घरातला 200 वॅटचा डेझर्ट कूलर पाच तास चालला की एक युनिट होतं. म्हणजे दुपारची झोप होईपर्यंत कोराडीच्या बाजूला पाव किलोच्या आसपास राख पडलेली असते. जो कोळसा जळून हवेत जाणार आणि ज्याचा तिसरा हिस्सा राख होणार, तो मुंबईपर्यंत रेल्वेने नेऊन जाळण्यापेक्षा इथेच जाळणं आणि वीज तारेतून पाठवणं स्वस्त पडतं. वेबरच्या गणितात हे उत्तर बिनचूक आहे. फक्त वजन घटतं म्हणजे ते नाहीसं होत नाही, मागे राहतं, हे त्या गणितात येत नाही. 2022 च्या पावसाळ्यात कोराडीची राख साठवणारा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतात, नदीत गेलं. वीज राज्यभर जाते, राख मात्र कोराडी-वारेगाव-खसाळ्याच्या वाट्याला येते. जागेच्या गणितात हा खर्च ज्यांच्या दारात पडतो त्यांच्या बाजूने मांडला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

एम्प्रेस मिलची गोष्ट थोडी वेगळी. जमशेदजी टाटांनी 1874 साली कंपनी काढली आणि 1 जानेवारी 1877 रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केलं गेलं, त्यावरून मिलचं नाव पडलं. त्या काळी कापडाची गिरणी म्हटली की मुंबई, हे ठरलेलं होतं. आणि एका अर्थाने मुंबईकर बरोबरही होते, कारण रुईचं सूत होताना वजन फारसं घटत नाही. सूतगिरणी कुठेही चालू शकते. पण गिरणीत आणखी एक माल लागायचा, तो म्हणजे वाफेच्या इंजिनासाठी कोळसा. त्याचं सगळं वजन जळून जातं, तयार सुतात त्याचा एक कणही राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांना तो बोटीने इंग्लंडहून यायचा. नागपूरला वरोऱ्याचा कोळसा जवळ होता, कापूस चहूकडे पिकत होता, 1867 साली रेल्वे पोहोचली होती आणि सूत विकत घेणारे विणकर इथल्याच पेठांमध्ये राहत होते. स्टेशनजवळची दलदलीची जमीन भर टाकून तयार केली आणि मिल उभी राहिली. विजेवर चालणारी यंत्रं आल्यावर कोळशाची ती ओढ संपली. 2002 साली मिल बंद झाली आणि आज त्या जागेवर मॉल आहे. द्वितीयक व्यवसायाच्या जमिनीवर तृतीयक व्यवसाय बसला, ही एका ओळीत सांगता येणारी गोष्ट. त्या जागेवर हजारो गिरणी कामगारांचे संसार उभे होते, हे त्या ओळीत मावत नाही.

तिसऱ्या स्तराला ना खनिज ओढतं, ना भाडं. त्याला माणसं ओढतात. वॉल्टर ख्रिस्तालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1933 मध्ये सांगितलं, की प्रत्येक सेवेला टिकण्यापुरती ठरावीक गिऱ्हाइकी लागते, आणि तिच्यासाठी माणूस किती लांबून येईल यालाही मर्यादा असते. किराणा दुकान गल्लीवर चालतं. हृदयाच्या शस्त्रक्रियेला अनेक जिल्ह्यांची लोकसंख्या लागते. धंतोली-रामदासपेठेत सकाळी फिरलं की हा सिद्धांत रस्त्यावर दिसतो. एका इमारतीत चार दवाखाने, खाली मेडिकल स्टोअर, शेजारी पॅथॉलॉजी लॅब, समोर नातेवाइकांसाठी लॉज आणि कोपऱ्यावर खाणावळ. बाहेर उभ्या गाड्यांच्या पाट्या वाचा, गडचिरोली, गोंदिया, छिंदवाडा, बालाघाट. आजारी माणूस राज्याची हद्द पाहत नाही, अंतर पाहतो. इतवारीच्या ठोक बाजाराचंही तसंच आहे, तिथून माल उचलणारा दुकानदार विदर्भातला असतो तसा सिवनीचाही असतो.

आता चौथा स्तर. त्याच्याबद्दल सहसा असं सांगितलं जातं, की संशोधन, माहिती, सॉफ्टवेअर यांना जमिनीचं बंधन नाही. चांगलं इंटरनेट, विमानतळ आणि शिकलेली मुलं असली की झालं. मिहानकडे पाहिलं तर ते पटतं. विमानतळाला खेटून असलेल्या त्या पट्ट्यात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिसची ऑफिसं आहेत, आणि त्यातल्या कामाचा विदर्भाच्या मातीशी काहीच संबंध नाही. पण नागपूरचा चौथा स्तर मिहानच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो नेमका उलट सांगतो. केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथे आहे, कारण भोवती कपाशी आहे. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था अमरावती रोडवर आहे, आणि तोच रस्ता पुढे संत्र्याच्या पट्ट्याकडे जातो. देशातल्या खाणींवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. मॅंगनीज काढणाऱ्या मॉयल कंपनीचं मुख्यालय आणि वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालयही नागपुरातच. देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करणारी संस्था इथलीच. आता यांतल्या प्रत्येकामागे जमिनीतली एखादी वस्तू आहे हे पाहा. पहिल्या स्तराने चौथ्याला आपल्याजवळ ओढून आणलं. त्याला मदत झाली ती मध्य प्रांताच्या जुन्या राजधानीची, तिच्या मोठ्या सरकारी जागांची आणि देशाच्या मधोमध असण्याची.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे स्तर एकावर एक रचलेल्या पायऱ्या समजू नयेत. देशातली साधारण 45 टक्के कामकरी माणसं शेतीत आहेत आणि उत्पन्नात शेतीचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास. हे आकडे पाहून वाटतं, की शेतीतून माणूस काढून वर चढवला की काम झालं. पण नागपुरात पहिला आणि चौथा स्तर शेजारी बसलेत, मधला दुसरा मात्र अनेक ठिकाणी रिकामा आहे. ही पोकळी सर्वात जास्त जाणवते संत्र्यात.

शंभर किलो संत्र्यांतून रस निघतो जवळपास निम्मा. सालं, चोथा, बिया बाजूला पडतात. रस आटवला की सहा लिटरचा एक लिटर होतो. म्हणजे शंभर किलो फळाचा सात-आठ किलो घट्ट रस. घट इतकी, की कापूसही तिच्यापुढे मागे पडावा. वेबरच्या नियमाने काटोल-वरुडला जिनिंगसारखेच रसाचे कारखाने ठिकठिकाणी असायला हवे होते. प्रत्यक्षात फळ नागपुरात कळमन्याच्या मंडीत येतं, ढीग लागतात, अडते बोली लावतात आणि ट्रक देशभर निघतात. बांगलादेश हे मोठं गिऱ्हाईक होतं, पण तिथे आयात शुल्क वाढत गेलं आणि भाव कोसळले.

कारखाने का आले नाहीत, याचं एक कारण फळाच्या रसायनातच आहे. नागपुरी संत्रं सोलून खाताना गोड-आंबट लागतं. त्याचा रस काढून ठेवला तर काही तासांत कडू होतो. फळात लिमोनिन या कडू द्रव्याचं एक बेचव पूर्वरूप असतं. पेशी फुटल्या की रसातल्या आम्लामुळे त्याचं लिमोनिन बनतं, आणि दहा लाख भागांत त्याचे पाच-सहा भाग असले तरी जिभेला कडवटपणा कळतो. बियांत लिमोनिन भरपूर असतं, त्या चिरडल्या तर आणखीच कडू. ब्राझीलमध्ये रसाचा एवढा मोठा उद्योग उभा राहिला तो व्हॅलेन्शियासारख्या गोड मोसंबीच्या जातींवर, ज्यांचा रस असा कडू पडत नाही. दुसरं कारण भावाचं. चांगल्या फळाला मंडीत मिळतो तो दर कारखाना देऊ शकत नाही. कारखान्याच्या वाट्याला येतं ते बारीक, डागी फळ, तेही दोन बहारांपुरतं. बाकीचे महिने यंत्रं उभी.

यातला कडवटपणाचा भाग आता सुटण्यासारखा आहे. लिमोनिन शोषून घेणाऱ्या रेझिनमधून रस गाळून ते काढता येतं, आणि बिनबियांच्या नागपुरी संत्र्याचं वाण इथल्याच संशोधन संस्थेने निवडलं आहे. 2025 साली मिहानमध्ये प्रक्रियेचा मोठा प्रकल्प सुरू झाला, हेही चांगलंच. तरी रस काढण्याचं आणि आटवण्याचं काम बागांच्या पट्ट्यातच व्हावं, असं माझं मत आहे. मिहानपर्यंत फळ आणलं तर निम्मं भाडं साल-चोथ्याचं जातं. काटोलला कारखाना असेल तर सालीतलं तेल तिथेच काढता येईल, चोथा गुरांना जाईल आणि ग्रेडिंगमध्ये मागे राहिलेलं फळ त्याच दिवशी आत जाईल. घट्ट रसात पुन्हा पाणी घालून बाटल्या भरायचं काम खुशाल मुंबई-पुण्याजवळ होऊ द्या.