बाखला रॉकच्या कपाटात कोणी आणून ठेवलं?

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘हायवे स्टार’मधला गिटारचा सोलो ऐकताना मध्येच अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख ऐकल्यासारखं वाटतं. ते उगाच नाही. ती स्वरसंगतींची मांडणी बाखवरून घेतल्याचं त्यांच्या गिटारवादक रिची ब्लॅकमोरने स्वतः सांगितलं आहे. एमर्सन, लेक अँड पामर या बँडच्या १९७०च्या पहिल्या अल्बममध्ये बाखच्या फ्रेंच सुइटचा (नृत्यरचनांच्या मालिकेचा) तुकडा आहे. जेथ्रो टलने १९६९च्या ‘स्टँड अप’मध्ये बाखची बुरे (एका फ्रेंच नृत्यप्रकारावरची रचना) बासरीवर घेतली. यामागचं कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ही पोरं शास्त्रीय संगीत शिकलेली होती. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डबद्दल ते खरंही आहे. पण जेथ्रो टलचा इयन अँडरसन बासरी आपली आपणच शिकला होता, आणि ती बुरे त्याच्या कानावर पडली ती खालच्या खोलीत गिटार घोटत बसणाऱ्या एका विद्यार्थ्यामुळे. माझ्या मते या सगळ्याचं मूळ शिकवणीपेक्षा तबकडीत जास्त आहे.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची मोठ्यातली मोठी बाजूसुद्धा चार-पाच मिनिटांत संपायची. आपल्याकडच्या बुजुर्गांनी त्याहून कमी वेळात अख्खा राग उभा केला, ते कसब वेगळंच. पण मोठी रचना ऐकायची तर दर थोड्या वेळाने उठून तबकडी उलटावी लागे. १९४८ साली कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी आणली. मिनिटाला ३३⅓ फेरे, आणि एका बाजूवर वीस मिनिटांच्या वर संगीत. त्याचा फायदा भारतीय संगीतालाही लगेच मिळाला. १९५५ साली न्यूयॉर्कला अली अकबर खाँसाहेबांची एलपी झाली, तिच्यात एका बाजूला सिंधुभैरवी आणि दुसऱ्या बाजूला पिलू.

बरोक संगीताचं, म्हणजे बाख-विवाल्दीच्या काळातल्या युरोपीय संगीताचं, नशीब तर एलपीने पालटलं. विवाल्दीचे ‘फोर सीझन्स’ छापले गेले १७२५ मध्ये, आणि नंतर जवळजवळ दोनशे वर्षं त्यांची फारशी कोणी विचारपूस केली नाही. चार ऋतूंचे चार कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना), प्रत्येकी साधारण दहा मिनिटांचे, म्हणजे एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन. जणू मापच घेऊन लिहिलेले. छोटा वाद्यवृंद, म्हणजे खर्चही बेताचा. १९५५ साली इटलीच्या ‘इ म्युझिची’ या संचाने ते फिलिप्ससाठी ध्वनिमुद्रित केले, १९५९ मध्ये पुन्हा स्टिरिओत, आणि हे संगीत घराघरांत गेलं.

त्याच १९५५ च्या जूनमध्ये ग्लेन गूल्ड नावाचा बावीस वर्षांचा कॅनेडियन पियानोवादक पोरगा न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या स्टुडिओत शिरला. स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चर्च. सोबत गोळ्यांच्या बाटल्या आणि स्वतःची बुटकी घडीची खुर्ची. वाजवायला निवडलं काय, तर बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ (एकाच रचनेची तीस रूपं), जी तोवर पंडितांचा विषय समजली जात होती. पुनरावृत्ती गाळून आणि वेग पळवून त्याने तीस व्हेरिएशन्स अडतीस-एक मिनिटांत, एकाच एलपीत बसवली. वाजवताना त्याचं गुणगुणणंही तबकडीवर आलं आहे, कोणाला त्याचा वैताग येतो, मला येत नाही. पुढे १९६४ मध्ये गूल्डने मैफली कायमच्या सोडल्या. टेप कापता येते, जोडता येते, मनासारखं होईपर्यंत पुन्हा वाजवता येतं, मग तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर जुगार कशाला, असा त्याचा सवाल होता.

बीटल्सनी दौरे थांबवले ते १९६६ मध्ये. त्याआधीच, १९६५ मध्ये, ‘इन माय लाइफ’साठी त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी बरोक धाटणीचा पियानो निम्म्या वेगात वाजवून टेप दुप्पट वेगाने चालवली होती. म्हणून तो हार्पसिकॉर्ड या पियानोच्या पूर्वजासारखा वाजतो. टेपची ही करामत टोकाला नेली ती वेंडी कार्लोसने. तेव्हाच्या मूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या वाद्यावर, एका वेळी एकच सूर निघायचा. बाखच्या रचनेतली एकेक ओळ वेगळी वाजवून, टेपवर थर चढवत तिने १९६८ चा ‘स्विच्ड-ऑन बाख’ उभा केला. तो तुफान खपला आणि त्याला तीन ग्रॅमी मिळाले. तो एका रेकॉर्डच्या दुकानात कीथ एमर्सनने (तोच, पुढे एमर्सन, लेक अँड पामरमधला) ऐकला आणि तोही मूगच्या मागे लागला. प्रोग्रेसिव्ह रॉकमधला, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमधला, मूगचा तो घुमारा असा बाखच्या वाटेने आला.

डीप पर्पलची वाट उलटी. १९६९ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिकबरोबर त्यांनी लॉर्डचा कॉन्चेर्तो वाजवला, पण नंतर त्यांना स्टुडिओबाहेरचा, मंचावरचा दणका हवा होता. म्हणून डिसेंबर १९७१ मध्ये ते स्वित्झर्लंडच्या माँत्रूला गेले. बेत असा की कसिनोत वाजवायचं आणि बाहेर रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओच्या ट्रकमध्ये ध्वनिमुद्रण करायचं. ४ डिसेंबरला तिथे फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा झगझगीत बार सोडणारं पिस्तूल) झाडली आणि कसिनो जळून गेला. मग पॅव्हिलियन हे थिएटर मिळालं. तिथे आवाजाच्या तक्रारी गेल्या, पोलीस दार ठोठावत राहिले आणि चालू ध्वनिमुद्रण (टेक) संपेपर्यंत बँडच्या माणसांनी दार आतून दाबून धरलं. त्या टेकला पुढे नाव मिळालं ‘स्मोक ऑन द वॉटर’. उरलेला अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या गारठलेल्या कॉरिडॉरमध्ये, गाद्या लावून झाला. ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, बाल्कन्या ओलांडत वळसा घालावा लागे. शेवटी त्यांनी टेक परत ऐकायला जाणंच सोडून दिलं. मार्च १९७२ मध्ये आलेल्या ‘मशीन हेड’चा रांगडेपणा बराचसा त्या कंटाळ्याची देणगी आहे.

‘मशीन हेड’ सगळा मिळून अडतीस मिनिटांच्या आत संपतो, त्यालाही तबकडीचं गणित आहे. बाजूवर जितका जास्त वेळ, तितक्या खाचा दाटीने आणि आवाज तितका दबका; जोरकस बासला तर खाच रुंदच लागते. हार्ड रॉकवाल्यांना ते परवडणारं नव्हतं. प्रोग्रेसिव्हवाल्यांनी मात्र लांबीसाठी थोडा आवाज सोडला. त्याच १९७२ मध्ये येसच्या ‘क्लोज टू द एज’ने एक अख्खी बाजू घेतली, तर जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ तेवीस मिनिटांवर गेलं. जेथ्रो टलचा ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ ही सलग चव्वेचाळीसेक मिनिटांची एकच रचना, पण बाजू संपते म्हणून मध्यावर ती हळूहळू विरत नेऊन दुसऱ्या बाजूला पुन्हा चढवावी लागली. पुढे सीडीवर जागेची अडचण उरली नाही, तरी तिथेही ती दोन भागांतच येते.