गायकाच्या आधी गाणारं भूत

लेड झेपेलिन या रॉक बँडचं १९६९ सालचं 'होल लॉटा लव्ह' हेडफोन लावून ऐका. चौथ्या मिनिटाच्या सुमारास वाद्यं गप्प होतात आणि गायक रॉबर्ट प्लांट एकटा गाऊ लागतो. कान दिलात तर त्याचे शब्द दोनदा येतात: आधी विहिरीतून आल्यासारखे पुसट, मग खरे. प्रतिध्वनी मूळ आवाजामागून यायचा. इथे तो आधीच हजर!

असं काही ऐकलं की जाणकार आधी टेपवर संशय घेतात. रिळावर गुंडाळलेल्या टेपच्या एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यांवर हलकंसं उमटतं, ओल्या शाईची वही मिटल्यावर अक्षरं समोरच्या पानावर उमटावीत तसं. हा 'प्रिंट-थ्रू'. ठसा पुढेमागे दोन्हीकडे पडतो. मूळ आवाजानंतर येणारा बहुधा गाण्यातच बुडतो, आधी येणारा मात्र शांततेत उघडा पडतो. टेपच्या जाडीच्या सहापटीहून जरा जास्त तरंगलांबीचा आवाज सर्वांत ठळक उमटतो. स्टुडिओतली टेप सुमारे ५० मायक्रॉन जाड, वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर. हिशेब १,२०० हर्ट्झच्या आसपास येतो. कान तिथे चांगलाच तिखट असतो, हे दुर्दैव. टेप पातळ तितका ठसा गडद, म्हणून १२ मायक्रॉनची सी-९० कॅसेट १८ मायक्रॉनच्या सी-६०पेक्षा जास्त चहाडखोर.

भुताचं घराणं ओळखायचं तर स्टॉपवॉच घ्या. पुसट आवाज आणि खरा आवाज यांतलं अंतर म्हणजे रिळाच्या एका वेढ्याला लागणारा वेळ. साडेदहा इंची रिळावर, वर सांगितलेल्या वेगाला, तो गाभ्याजवळ जेमतेम १ सेकंद आणि बाहेरच्या कडेला २ सेकंदांहून थोडा जास्त भरतो. एलपीचं भूत वेगळं. मास्टर तबकडी कापताना सुई मऊ लाखेतली शेजारच्या खाचेची भिंत किंचित दाबते. मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद, आणि हे अंतर तबकडीभर तेच. एलपीवर १.८ सेकंद आधी ऐकू येतं पण सीडीवर नाही, तर दोष खाचेचा.

'होल लॉटा लव्ह'चं कोडं मात्र या दोन्हींत बसत नाही. मिक्सिंग करणाऱ्या एडी क्रेमरच्या सांगण्यानुसार ते प्लांटचंच आधीचं गायन होतं. त्या ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) पूर्ण खाली ओढला तरी आवाज झिरपत राहिला. काढता येईना, म्हणून त्यावर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, ओतला. माझ्या मते गाण्याला त्याने फायदाच झाला.

प्रिंट-थ्रूवर स्टुडिओंचा उपाय साधा: टेप वाजवून झाली की उलटी गुंडाळायची नाही, शेवट बाहेर ठेवूनच कपाटात. चुंबकीय थर आतल्या बाजूला असलेल्या रिळात बाहेरच्या वेढ्यावरचा ठसा जास्त गडद असतो. शेवट बाहेर असला की तो मूळ आवाजानंतर वाजतो आणि झाकला जातो. उष्णतेने ठसा वाढतो, वाजवण्याआधी टेप एकदा इकडून तिकडे फिरवली की थोडा उतरतो.

घरी असे लपलेले आवाज शोधायचे असतील तर सीडीवरून किंवा फ्लॅक फाइलवरून (आवाजातलं काही न गाळणारी) सुरुवात करा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो करा, एकाला 'इन्व्हर्ट' लावा (म्हणजे त्याची लहर उलटी करा) आणि दोन्ही एकत्र वाजवा. मधोमध ठेवलेलं सगळं, म्हणजे बहुधा मुख्य गायन, बास आणि किक ड्रम, एकमेकांना खाऊन टाकतं; कडेचं उरतं. शांत जागा १५-२० डेसिबलने उचलण्याआधी हेडफोनचा आवाज कमी करा, कारण पुढचा ड्रमचा ठोका कानठळ्या बसवेल. गायकाचा रिव्हर्ब दोन्ही बाजूंना पसरलेला असल्याने तो रद्द होत नाही. त्याला दुसरा गायक समजू नका. आणि एमपीथ्रीवर हा प्रयोग केलात तर पाण्याखालची कुजबुज हमखास ऐकू येईल. ती स्टुडिओतली नव्हे, फाइल दाबून लहान करताना तयार झालेली.