प्रकाशसंवेदी अपस्मार (मुलांमधील)

उघडझाप करणारा प्रकाश किंवा ठळक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखी आकृती पाहून आकडी (फिट, फेफरे) येण्याचा विकार. अपस्मार असलेल्या शंभरांपैकी साधारण ३ जणांत तो आढळतो. मुले व किशोरवयीनांत जास्त, त्यातही मुलींत अधिक. पहिली आकडी बहुधा वयात येण्याच्या सुमारास येते. तोवर मूल ठणठणीत असल्याने घरात कुणाला शंकाही आलेली नसते.

मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्र अशा मुलांत चटकन उत्तेजित होते आणि प्रकाशाच्या तालावर असंख्य पेशी एकदम पेटतात. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप धोक्याची, १५ ते २० च्या आसपासची सर्वांत वाईट. गडद लाल रंग, अंधारी खोली आणि डोळ्यांसमोरचा मोठा भाग व्यापणारा पडदा यांनी धोका वाढतो.

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून-पालटून चमकला आणि सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यांत बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. अनेकांना त्याआधी कधीच आकडी आली नव्हती. ब्रिटनमध्ये १९९३ मध्ये एका जाहिरातीमुळे असेच घडल्यावर प्रसारणासाठी नियम आले होते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, ही मर्यादा पुढे संकेतस्थळांच्या सुगम्यता-निकषांतही (अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता यावे म्हणून ठरवलेल्या निकषांतही) आली.

खेळणी, सायकलचे दिवे, सजावटीच्या माळा यांच्याकडे मात्र तेवढ्या काटेकोरपणे पाहिले जात नाही. चमकणाऱ्या बुटांचा दिवा लहान आणि डोळ्यांपासून दूर असतो, त्यामुळे त्याची भीती कमी. तसलाच दिवा असलेले खेळणे अंधारात तोंडाजवळ धरले, तर गोष्ट वेगळी. आगीची सूचना देणारे दोन दिवे प्रत्येकी सेकंदाला २ वेळा चमकत असले, पण एका तालात नसले, तर खोलीतल्या मुलाला ४ लखलखाट दिसतात. स्वतंत्रपणे दोन्ही दिवे नियमात बसतात! चालू-बंद होणारी बिघडलेली ट्यूब, धावत्या गाडीतून झाडांआडून येणारे ऊन यांनीही आकडी येऊ शकते.

दरवेळी शरीर आखडून मूल कोसळतेच असे नाही. काही सेकंद टक लावून पाहणे, पापण्या फडफडणे, हाताला हिसका बसून पेला निसटणे एवढेच दिसते आणि ‘लक्ष नाही’ म्हणून मूल बोलणी खाते. निदानासाठी मेंदूचा विद्युत आलेख (ईईजी) काढताना ठरावीक वेगाने दिवा चमकवून पाहतात.

अचानक लखलखाट समोर आला, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान फिरवावी. नुसते डोळे मिटून भागत नाही. पापण्यांतून लालसर प्रकाश आत येतच राहतो. पडदा लांब ठेवणे, खोलीत दिवा लावणे, पुरेशी झोप हे उपाय साधे पण उपयोगी आहेत. विशिष्ट निळ्या काचांच्या चष्म्याने अनेकांना फरक पडतो. व्हॅल्प्रोएट हे औषध प्रभावी आहे. मात्र गर्भावस्थेत घेतल्यास बाळात व्यंग येण्याचा धोका असल्याने मुलींना ते देताना डॉक्टर फार विचार करतात. वाढत्या वयात काहींची संवेदनशीलता आपोआप ओसरते.

अपस्मार असलेल्यांना इजा व्हावी म्हणून मुद्दाम लखलखती चित्रे पाठवण्याचे प्रकारही घडले आहेत. ब्रिटनने २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात तो स्वतंत्र गुन्हा ठरवला.