नऊ हजार फेऱ्या आणि दोन मिलिमीटरची पट्टी

‘अवघ्या १.३ लिटरच्या इंजिनातून २३१ अश्वशक्ती, तीही टर्बोशिवाय!’ माझदा आरएक्स-८ या कूपेबद्दलचा कुठलाही व्हिडिओ लावा, पहिल्या मिनिटाच्या आत हे वाक्य येतंच. त्याच्या पाठोपाठ दुसरं : ‘पण इंजिन टिकत नाही.’ यातलं पहिलं वाक्य ही हिशेबाची चलाखी आहे. दुसरं बरंचसं खरं आहे, पण का टिकत नाही हे सांगायच्या आत व्हिडिओतला माणूस गाडी सुसाट सोडतो आणि पुढे नुसता आवाज ऐकत बसावं लागतं.

आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस आठवते. आरएक्स-८ भारतात अधिकृतपणे विकली गेलीच नाही. मात्र ब्रिटनमध्ये जुनी आरएक्स-८ इतकी स्वस्त मिळते की तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या गाडीवेड्या मुलांचा जीव तिच्यावर हटकून जडतो. चार दारं (मागची दोन उलटी उघडणारी), चार माणसांची जागा, इंजिन पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे सरकवलेलं, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. वळणावर ही गाडी ज्या सहजतेने वळते, त्याला तोड नाही. शून्य ते १०० चा वेग साडेसहा सेकंदांच्या आत. पण माझं प्रेम आहे ते बॉनेटखालच्या यंत्रावर आणि त्याच्या दुखण्यावर.

या इंजिनात पिस्टन नाही. जर्मन तंत्रज्ञ फेलिक्स वान्केल याच्या कल्पनेवरून एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिलं असं इंजिन चाललं. मधे किंचित चेपलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. या त्रिकोणाला रोटर म्हणतात. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात, म्हणजे पोकळीचे तीन कप्पे होतात. रोटर मध्यबिंदूभोवती सरळ न फिरता एका विकेंद्री दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, बसून फिरतो, त्यामुळे प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा होतो. शाळेत शिकलेले चारही स्ट्रोक, सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट, एकाच पोकळीच्या चार जागी घडतात. झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाहीत.

आता तो १.३ लिटरचा हिशेब. आरएक्स-८ मध्ये दोन रोटर आहेत आणि एका कप्प्याची क्षमता ६५४ घनसेंटिमीटर. दोनाने गुणून १,३०८. कागदावर हाच आकडा लिहितात. पण चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनाची ‘क्षमता’ म्हणजे शाफ्टच्या दोन फेऱ्यांत सगळे सिलिंडर मिळून जितकं मिश्रण ओढतात तितकी. तोच न्याय इथे लावा. रोटरची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या तीन होतात आणि रोटरला बाजू तीन. म्हणजे शाफ्टच्या दर फेरीला प्रत्येक रोटर एक कप्पाभर मिश्रण ओढतो. दोन फेऱ्या, दोन रोटर, चार कप्पे : २,६१६ घनसेंटिमीटर. २३१ ला २.६ ने भागलं की लिटरमागे ८८ अश्वशक्ती येतात. ठीक आहे, चमत्कार नाही. त्याच काळातली होंडा एस२००० साध्या पिस्टनांनी लिटरमागे १२० च्या आसपास काढत होती. जपानच्या करखात्यालाही हे कळत होतं. रोटरी इंजिनाची क्षमता दीडपट धरूनच तिथे कर लावतात.

खरी कमाल दुसरीकडे आहे. मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला ३०० वेळा थांबतो आणि उलट दिशेला निघतो. रोटर कधीच थांबत नाही, आणि शाफ्ट नऊ हजारांवर असताना तो स्वतः फक्त तीन हजारांवर फिरत असतो. इंजिन लहान, हलकं, थरथर जवळजवळ नाही. म्हणून तर ते तसं पुढच्या आसाच्या मागे बसवता आलं.

मग मरतं ते काय? रोटरच्या टोकावरची पट्टी. तिला एपेक्स सील म्हणतात. जाडी दोन मिलिमीटर, लांबी रोटरच्या रुंदीइतकी, म्हणजे आठ सेंटिमीटर. पिस्टनला रिंगा असतात, तसं रोटरच्या तीन टोकांना हे सील. फरक असा की पिस्टनची रिंग गोल असते, सिलिंडरच्या भिंतीला चहूबाजूंनी पृष्ठभागाने टेकते, आणि एकावर एक दोन-तीन असतात. सील भिंतीला फक्त एका रेषेत टेकतं. तेही एकटंच, आणि एका अंगाला जळता वायू तर दुसऱ्या अंगाला ताजं मिश्रण.

इथून पुढे थोडं गणित आहे. कंटाळा आला तर दोन परिच्छेद ओलांडून जा, पण माझ्या मते खरी मजा इथेच आहे.

या इंजिनात रोटरच्या केंद्रापासून टोकापर्यंतचं अंतर १०५ मिलिमीटर आणि दांड्याची विकेंद्रता १५ मिलिमीटर. तीन गुणिले तीनचं वर्गमूळ गुणिले विकेंद्रता गुणिले त्रिज्या गुणिले रुंदी, असं सूत्र मांडलं की बरोबर ६५४ घनसेंटिमीटर येतात, करून पाहा. पोकळीच्या लांब टोकांना सील मध्यापासून १२० मिलिमीटरवर असतं आणि कंबरेपाशी, म्हणजे मधल्या चेपलेल्या जागी, ९० वर. शाफ्ट नऊ हजारांवर असताना सीलचा भिंतीवरून घसरण्याचा वेग लांब टोकाशी सेकंदाला ४७ मीटर भरतो, म्हणजे ताशी १७० किलोमीटर. कंबरेपाशी तो ताशी ६८ वर उतरतो. आणि हे घसरताना सील भिंतीला काटकोनात राहत नाही. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, जास्तीत जास्त २५ अंशांपर्यंत ते कलतं. म्हणून त्याचा माथा गोलसर घासलेला असतो आणि टेकण्याची रेषा त्या माथ्यावरून मागे-पुढे सरकत राहते.

त्याहून गमतीचं आहे ते त्वरणाचं. लांब टोकाला सील बाहेरच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,४०० पट जोराने भिंतीवर दाबलं जातं. दाबून घासणं, ठीक. पण कंबरेपाशी भिंत आत वळलेली आहे. तिथे हिशेब उलटा होतो : सुमारे ३०० पट जोराने सील भिंतीपासून सुटू पाहतं! आणि स्पार्क प्लग नेमके कुठे आहेत? कंबरेच्या आजूबाजूला. वायूचा दाब जिथे सर्वांत जास्त, तिथेच पट्टीला भिंत सोडायची इच्छा होते. तिला धरून ठेवतात दोन गोष्टी : खाली बसवलेली बारीक पट्टी-स्प्रिंग, आणि खाचेत सीलच्या मागे शिरलेला वायूच. म्हणजे ज्या वायूला अडवायचं, त्याच्याच दाबाने सील अडवण्याचं काम करतं. खाचेत काजळी साठून सील जाम झालं, की हे सगळं बंद.

एनएसयूचा बळी या पट्टीने घेतला. त्यांची आरओ-८० ही गाडी १९६७ साली आली, १९६८ ची युरोपातली सर्वोत्तम गाडी ठरली, आणि सील झिजून इंजिनं वॉरंटीत परत येऊ लागली. १९६९ मध्ये कंपनी फोक्सवॅगनच्या पोटात गेली. हिरोशिमाच्या माझदाने परवाना घेतला होता १९६१ मध्ये. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंते बसवले. त्यांच्या चाचणी-इंजिनांत भिंतीवर लाटा-लाटांचे ओरखडे उमटत. सैतानाच्या नखांचे वळ, असं ते त्याला म्हणत. नखं कोणाची नव्हती. सील घसरताना आपल्याच नैसर्गिक कंपनसंख्येने थडथडत होतं. पट्टीला आडवी-उभी भोकं पाडून तिची कंपनसंख्या बदलली तेव्हा ओरखडे गेले. मग विक्रीच्या गाडीसाठी कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्र पदार्थाचं सील बनवलं. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७बी ने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. म्हणजे हे इंजिन शर्यतीच्या वेगात सलग चोवीस तास चालतं. दुधाच्या पिशवीसाठी कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणलं की मात्र मान टाकतं.

हा विनोद वाटेल, पण कारण साधं आहे. गार इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं. मिनिटभरात बंद केलं तर ते कप्प्यात तसंच राहतं, सीलवरची ऑइलची पातळ फिल्म धुऊन टाकतं. पुढच्या खेपेला सेल्फ मारला तर कॉम्प्रेशन नाही, प्लग ओले, गाडी ओव्हरफ्लो. आणि फिल्म हवीच, कारण सीलला वंगण मिळण्याचा दुसरा मार्ग नाही. म्हणून एक छोटा पंप इंजिन ऑइल मुद्दाम कप्प्यात टिपकवतो आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. जुन्या बजाज स्कूटरच्या टाकीत आपण टूटी ऑइल घालायचो, त्यातलाच हा प्रकार. कित्येक आरएक्स-८ मालक तर पंपावर विसंबून न राहता पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल खरंच मिसळतात. तेव्हा ‘गाडी ऑइल पिते’ ही तक्रार इथे गैरलागू आहे. ती प्यायलीच पाहिजे. दर दोन-तीनदा पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून बघायची सवय नसेल, तर ही गाडी आपली नव्हे.

आरएक्स-८ च्या इंजिनाचं नाव रेनेसिस. २००३ साली त्याला जगातल्या सर्वोत्तम इंजिनाचा पुरस्कार मिळाला. आधीच्या आरएक्स-७ मध्ये धूर बाहेर टाकणारं तोंड परिघावर होतं. इथे ते बाजूच्या भिंतीत नेलं. त्यामुळे आत येणारं आणि बाहेर जाणारं एकाच वेळी उघडं राहणं संपलं, न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर पळणं कमी झालं. फायदा खरा, पण पुरेसा नाही. जळणारा कप्पा मुळातच लांबट आणि चपटा. आकारमानाच्या मानाने भिंती फार, ज्योत कोपऱ्यांत पोचायच्या आत विझते, उष्णता भिंतीत जाते. ॲव्हरेज विचाराल तर लिटरला नऊ किलोमीटरच्या आसपास, तेही कंपनीच्या कागदावर. त्यात टॉर्क जेमतेम २११ न्यूटन-मीटर, त्यामुळे पिकअपसाठी इंजिन वर ओढावंच लागतं. युरोपचे नवे प्रदूषण-नियम आले आणि तिथली विक्री २०१० मध्ये थांबली. २०१२ मध्ये उत्पादनच संपलं.

दुखण्याची साखळी बहुतेक वेळा सीलपासून सुरूही होत नाही, ती सुरू होते इग्निशन कॉइलपासून. चार प्लग, चार कॉइल. कॉइल कमजोर झाली की ठिणगी चुकते, इंजिन किंचित मिसिंग करतं. चालवणाऱ्याला कळतही नाही. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, त्याची जाळी वितळून तुंबते, धुराला वाट राहत नाही, उष्णता मागे इंजिनात साठते. मग सील, त्याचे स्प्रिंग, बाजूची सीलं. गॅरेजात निदान होतं : ‘रोटरी आहे, जाणारच होतं.’ अमेरिकेत माझदाने या इंजिनाची वॉरंटी वाढवून आठ वर्षं किंवा एक लाख मैल केली होती. ज्यांनी कॉइल वेळेवर बदलल्या त्यांची इंजिनं त्याही पुढे चाललेली आहेत.

‘रोज एकदा नऊ हजारापर्यंत ओढा, काजळी झडते’ असा सल्ला रोटरीवाले देतात. त्यात तथ्य आहे, खाचेतली काजळी हलती राहणं सीलला हवंच असतं. फक्त इंजिन नीट तापल्यावर ओढावं. याउलट पेट्रोलच्या नळीवर चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवणारे आणि बाटलीभर जादुई रसायनाने ‘कॉम्प्रेशन परत आणणारे’ विक्रेते जगभर आहेत. आपण दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. हार सुंदर दिसतो, राहू द्या. लिंबाने आणि बाटलीने झिजलेल्या धातूवर धातू चढत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच पैसे वाचतील. माझदाने सीलचा प्रश्न सोडवायला काय केलं ते पाहा : २०२३ मध्ये एमएक्स-३० या विजेच्या गाडीत जनित्र फिरवण्यापुरता एक रोटर परत आणला, ८३० घनसेंटिमीटरचा, आणि पट्टी दोनावरून अडीच मिलिमीटर जाड केली. चाकांशी त्याचा संबंधच ठेवला नाही, त्यामुळे नऊ हजारांच्या जवळपासही ते जात नाही.

तरीही कोणाला जुनी आरएक्स-८ घ्यायचीच असेल, तर साध्या गॅरेजमधला कॉम्प्रेशन गेज चालणार नाही. तो फक्त सर्वांत मोठा दाब धरून ठेवतो. एका रोटरच्या तीन बाजूंपैकी दोन मेल्या तरी तिसरीचा आकडा दाखवून मोकळा होतो. रोटरीचा वेगळा टेस्टर प्रत्येक रोटरचे तीन, असे सहा आकडे देतो. सेल्फवर २५० फेऱ्यांना ६८० किलोपास्कलच्या खाली एकही आकडा नको आणि एकाच रोटरच्या तीन बाजूंत १५० पेक्षा जास्त तफावत नको. टेस्टर नसेल तर गाडी वीस मिनिटं चालवून पूर्ण तापवावी, बंद करावी, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारावा. गरम इंजिनात ऑइल पातळ असतं, झिजलेलं सील तिथे उघडं पडतं. चटकन चालू झाली तर पुढचं बोलणं करावं. विकणारा ‘आत्ताच तर चालवून दाखवली, पुन्हा कशाला’ म्हणू लागला, तर दुसरी गाडी बघावी.