सहस्रचंद्रदर्शन (सोलापूर)

घरातल्या थोरल्या माणसानं हजार चंद्र बघितले असं धरून वयाच्या ८१व्या वर्षी करायची शांती म्हणजे सहस्रचंद्रदर्शन. बोलताना लोक नुसतं 'आजोबांचं सहस्रचंद्र आहे' एवढंच म्हणतात. वयाप्रमाणे करायच्या शांतींच्या मालिकेत ६०ला उग्ररथ, ७०ला भैमरथी, ७५ला ऐंद्री आणि ८० पूर्ण झाल्यावर ही येते, त्यातली ऐंद्री हे नाव आता गुरुजींच्या पोथीतच उरलंय, लोक अमृतमहोत्सव म्हणून मोकळे होतात. दक्षिणेत याच वयाच्या विधीला शताभिषेक म्हणतात, म्हणजे नाव शंभराचं आणि वय ऐंशीचं.

खरा घोळ हजाराच्या हिशोबात आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, त्यामुळे जन्मानंतरची हजारावी पौर्णिमा साधारण ८० वर्षं ९ महिने ते ८० वर्षं १० महिने या दरम्यान पडते. ८० पूर्ण झाली त्या दिवशी मोजलं तर वर्षाला १२ प्रमाणे ९६० आणि १९ वर्षांत ७ अधिकमास या हिशोबानं आणखी २९-३०, म्हणजे ९९०च्या आसपास, दहाएक चंद्र अजून उधारच असतात. काहीजण अधिकमास धरतच नाहीत, मग हिशोब थेट ८३ वर्षं ४ महिन्यांवर जातो. ८० वर्षं ८ महिने हाही आकडा कानावर येतो, तो गणिताला जवळचा आहे पण दोन-तीन पौर्णिमा कमी पडतात. यात आणखी एक फाटा असा की पंचांगात 'चंद्रदर्शन' हा शब्द छापतात तो पौर्णिमेला नाही, अमावस्येनंतरची पहिली कोर दिसते त्या दिवशी, म्हणून मोजायची ती कोरच असं एक मत आहे. पण कोर घ्या नाहीतर पौर्णिमा घ्या, दोन्ही महिन्याला एकच, त्यामुळे फरक पडला तर पंधरवड्याचा पडतो, एवढ्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. ८१व्या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत करावं हेच जास्त पटण्यासारखं वाटतं. ग्रहणाचे आणि पावसाळ्यातल्या ढगांआडचे चंद्र कुणी वजा करत नाही, ते बरंच आहे.

अर्थात एवढा काटेकोर हिशोब करायला जन्मतारीख खरी पाहिजे. शाळेत मास्तरांनी लावलेली १ जून ही या पिढीतल्या कितीतरी जणांची तारीख. मग 'मार्शल लॉच्या साली' (१९३०) नाहीतर 'रझाकाराच्या गडबडीत' (१९४८) अशा घरातल्या आठवणींवरून साल काढायचं, आणि शेवटी तारीख ठरते ती पुण्या-मुंबईच्या लेकी-नातवंडांना सुट्टी कधी, हुतात्मा किंवा सिद्धेश्वर एक्सप्रेसचं रिझर्वेशन मिळतंय का, त्यावर. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे तसेही येतात म्हणून काही घरं तेव्हाच उरकून घेतात. मे महिन्यात सुट्टी असते पण पारा चाळिशीच्या वर, म्हाताऱ्या माणसाला त्या उन्हात होमासमोर बसवायला कुणी धजत नाही.

विधीत गणेशपूजन, पुण्याहवाचन, चंद्राच्या प्रतिमेची पूजा, होम, काशाच्या भांड्यातल्या तुपात तोंड बघून ते दान करणं हा साधारण क्रम. तुला करतात ती गुळाची, नाण्यांची, पुस्तकांची, ज्याची त्याची ऐपत. मग सुवासिनी ८१ दिव्यांनी ओवाळतात. सोलापुरात घराघरात भाषा बदलते तसा सोहळाही बदलतो: लिंगायत घरात होमाऐवजी जंगम स्वामींची पाद्यपूजा आणि जेवणात गव्हाची हुग्गी म्हणजे खीर, पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली घरांत भर जास्त षष्टिपूर्तीवर, तिथं आजी-आजोबांचं परत लग्नच लावतात. आईकडचे कन्नड बोलणारे, बापाकडचे मराठी, सून तेलुगू, असा गोतावळा एका हॉलमध्ये जमला की अण्णा, अप्पा, अव्वा, अक्का या हाका नेमक्या कुणाला चालल्यात तेच कळत नाही. कलबुर्गी-विजापूरची चुलत-मावस मंडळी एरवी फक्त मयतीला भेटतात, ती इथं दोन दिवस मुक्कामाला असतात, आणि आत्या-मावश्यांचा मान राखला नाही तर त्याची आठवण पुढची दहा वर्षं निघते. येणाऱ्याला शेंगाचटणीची पुडी, परत जाताना टॉवेल-टोपी नाहीतर चादर. २००५च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर इथल्या माणसाला आहेरात मिळाली की तो गालात हसतो, घरात आधीच डझनभर पडलेल्या असतात.

शांती जोडप्याची असं धरल्यामुळे मालक गेलेल्या आजीचं सहस्रचंद्र करायचं का नाही यावर गुरुजींमध्ये आणि भावकीत एकमत नसतं. म्हणून पूर्वी बऱ्याच आज्यांचं राहूनच जायचं. हजार चंद्र बघितले ते तिच्या डोळ्यांनी, त्यात मालकाचा काय संबंध, असा प्रश्न आता नातीच विचारतात आणि केक, दिवे, फोटो सगळं करतात.

पणतू झाला असेल तर त्याला मांडीवर देऊन थोरल्यांच्या डोक्यावर सोन्याची फुलं उधळायचा कार्यक्रमही याच दिवशी जोडून घेतात. फुलं बारीक असतात, नंतर सतरंजी झटकून मोजून घ्यावी लागतात.