पानाच्या शिरा कोण आखतं?

पान उजेडासमोर धरलं की शिरांची जाळी दिसते. हिचा नकाशा जनुकांत आधीच छापलेला असणार, असं आपण सहज धरून चालतो. मग एकाच झाडाची दोन पानं एकमेकांवर ठेवून बघा. मधली शीर जुळेल, बारीक शिरा जुळणार नाहीत.

शिरांची वाट ठरते ऑक्सिन या संप्रेरकामुळे, आणि ऑक्सिनला दिशा देतात पेशीपटलातली वाहक प्रथिनं. खरी गंमत सामूत, म्हणजे आम्लता सांगणाऱ्या आकड्यात (pH) आहे; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त. पेशीभित्तिकेतला सामू साधारण 5.5. तिथं ऑक्सिनच्या सुमारे 15 टक्के रेणूंना प्रोटॉन चिकटलेला असतो. अशा रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे तो पटलातून आपसूक आत झिरपतो. आत सामू 7 च्या आसपास, म्हणून प्रोटॉन सुटतो, रेणूवर ऋणभार येतो आणि परतीची वाट बंद! आता बाहेर काढणार ती मुख्यतः 'पिन' नावाची प्रथिनं. ती पेशीच्या ज्या टोकाला जमतात, त्याच टोकानं ऑक्सिन पुढच्या पेशीकडे जातं.

हा सापळा 1974 मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी एक जीवशास्त्रज्ञ रूपर्ट शेल्ड्रेक. पुढे ते गाजले 'मॉर्फिक रेझोनन्स', म्हणजे निसर्गाला स्मृती असते, या कल्पनेमुळे, जिला पुरावा नाही. लोकांना तीच आवडते. सामूचं गणित कोण फॉरवर्ड करणार?

ज्या पेशीतून ऑक्सिन जरा जास्त वाहतं, तिथं पिन वाढतात आणि प्रवाहाच्या दिशेच्या टोकाला गोळा होतात. प्रवाह आणखी वाढतो, शेजारच्या पेशींना ऑक्सिन कमी पडतं. गवतात पायवाट पडते तसंच हे. वाटेवरच्या पेशी लांबट होतात, त्यांच्यातूनच पुढे जलवाहिन्या आणि रसवाहिन्या घडतात. पेशी हा प्रवाह ओळखते कशी, यावर अजून वाद आहेत.

पायवाटेची ही कल्पना वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वी सॅक्स यांची. त्यांनी वाटाण्याच्या खोडाला बाजूनं ऑक्सिन लावलं, तर नवी शीर तयार होऊन जुन्या शिरेला मिळाली. जुनीला वरून भरपूर ऑक्सिन मिळत असेल, तर मात्र नवी तिला मिळत नाही. तेव्हा पिनचा पत्ताही नव्हता. त्यातल्या पहिल्या प्रथिनाचं जनुक 1998 मध्ये हाती आलं. ते बिघडलेल्या अरॅबिडॉप्सिसचं (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगशाळेत वापरलं जाणारं छोटं रोप) खोड फुलांविना, सुईसारखं बोडकं वाढतं, म्हणून हे नाव.

ऑक्सिनची ही वाहतूक एनपीए या रसायनानं रोखली, तर कोवळ्या पानात शिरांची कडेला दाटी होते. ऑक्सिन तिथंच तयार होतं आणि त्याला पुढे सरकता येत नाही.